अपडेट बंद करू नका, लॉगिन कुठे अडलं ते शोधा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका वाचकांनी लिहिलं होतं, की सुरक्षेचं अपडेट केल्यावर त्यांच्या संस्थेच्या चॅटवर निम्म्याहून अधिक लोकांना लॉगिन करता येईना. म्हणून त्यांनी सर्व्हर, म्हणजे चॅट चालवणारा मुख्य संगणक, पुन्हा जुन्या आवृत्तीवर नेला आणि अपडेट कायमचं बंद करून टाकलं. खेड्यापाड्यांतल्या बाकी संस्थांनीही तसंच करावं, असा त्यांचा सल्ला आहे. त्यांना झालेला त्रास खरा आहे, कारण तो आम्हीही भोगला. सल्ला मात्र धोक्याचा आहे. ते पत्र छापून आल्यावर शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेतून मला फोन आला, "ताई, आम्हीबी बंद करून टाकू का?" म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत संगणकाचं काम पाहते. आमचे सभासद कापूस, सोयाबीन आणि तूर घेणारे, बहुतेक कोरडवाहू. फोनवरचे नेहमीचे ग्रुप आमच्याकडेही होते. पण अशा ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या बचत गटांतल्या बायांना नको ते फोन येऊ लागले, बियाणं-औषधवाल्यांचे मेसेज तर विचारूच नका. संचालक मंडळाने मग स्वतःचा चॅट सर्व्हर उभा करायचं ठरवलं. तो एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर चालतो. १९९९ साली जॅबर नावाने सुरू झालेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. तिच्यात मोबाइल नंबर लागत नाही, सभासदाला एक नाव आणि एक पासवर्ड दिला की झालं. कमी नेटवर्कमध्येही मजकूर पोचतो, आणि आमच्या टेकड्यांमधल्या गावांना तेच हवं असतं.

हंगामात या चॅटवर काय चालतं, तेही सांगते. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, लावलेल्या कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) किती पतंग आले, हे शेतकरी रोज सकाळी लिहितात. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करायचा, ही कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. हे आकडे एकत्र दिसले, की कोणत्या शिवारात फवारणी हवी आणि कोणत्या शिवारात उगाच पैसे घालायचे नाहीत, ते कळतं. २०१७ च्या हंगामात आपल्या याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर आमच्याकडे विनाकारण फवारणी कोणीच हलक्यात घेत नाही. कोणतं औषध कशात मिसळायचं नाही, वारा कसा असताना थांबायचं, तोंडाला काय बांधायचं, हे सगळं या चॅटवर सांगितलं जातं. तो सकाळी बंद पडला, तर त्याच दुपारी कोणीतरी अंदाजाने पंप पाठीवर घेतो. म्हणून ही मला नुसती संगणकाची तक्रार वाटत नाही.

सर्व्हरची देखभाल एक एजन्सी कंत्राटावर करते. ऐन पात्या-फुलांच्या दिवसांत तिने एका रात्री सुरक्षेचं अपडेट टाकलं आणि सोबत सर्व्हरचं प्रमाणपत्रही, म्हणजे हा खरा सर्व्हर आहे हे फोनला पटवणारा दाखला, बदललं. आम्हाला आधी काही कळवलं नाही. सकाळी कार्यालय उघडायच्या आत फोन सुरू झाले. "ताई, म्या पासवर्ड तं बराबर टाकला, पण थो चुकीचाच म्हून राहिला." एका काकाजींना वाटलं, वर्गणी थकली म्हणून त्यांचं नावच काढून टाकलं. ते तसे तडक कार्यालयात आले, आणि त्यांची समजूत घालायला बराच वेळ गेला. एजन्सीला विचारलं तर उत्तर मिळालं, "आमच्या फोनवर चालू आहे, तुमच्या लोकांना पासवर्ड नीट टाकायला सांगा." या उत्तराचा मला आजही राग आहे. आमची माणसं कमी शिकलेली असतील, पण शेकडो लोक एकाच रात्रीत आपापला पासवर्ड विसरत नाहीत.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे कोणाला येतं आणि कोणाला येत नाही, हे कागदावर मांडणं. मी वहीत रकाने आखले. नाव, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, वायफाय की मोबाइल डेटा, ॲप किती जुनं. ज्यांना येत होतं त्यांचीही नोंद केली, कारण त्यांच्याशिवाय ताळा लागत नाही. दुपारपर्यंत वही बोलायला लागली. अडलेली माणसं सगळी एकसारखी नव्हती, त्यांचे वेगवेगळे गट पडत होते, आणि प्रत्येक गटाचं कारण वेगळं निघालं.

दुसरं काम सर्व्हरचा लॉग वाचणं. सर्व्हर आपल्या दारात आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतो. लॉगिन हे बाहेरून एक काम दिसलं, तरी आतून त्याचे टप्पे असतात. आधी फोन सर्व्हरपर्यंत पोचतो, आमच्या पद्धतीत ५२२२ या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर. मग दोघं मिळून टीएलएस नावाचं संरक्षण लावतात, म्हणजे मधल्या कोणाला मजकूर वाचता येऊ नये. त्यात फोन सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो. हे सगळं पार पडल्यावरच पासवर्डचा विषय येतो. आमच्या लॉगमध्ये बहुतेक अडलेल्या लोकांच्या नोंदींपुढे पासवर्ड तपासल्याची ओळच नव्हती. त्यांचा पासवर्ड सर्व्हरपर्यंत गेलाच नव्हता. तरी ॲप मात्र त्यांना "पासवर्ड तपासा" असंच सांगत होतं. माझ्यासारख्या गावोगावच्या ऑपरेटरांनी एवढी एक गोष्ट धरून ठेवली, तरी अर्धा गोंधळ कमी होईल. पासवर्ड बदलायला बसण्याआधी गाडी पासवर्डच्या टप्प्यापर्यंत पोचली होती का, ते लॉगमध्ये बघा.

आता कारणं. काही सभासदांकडे फारच जुने फोन होते. त्यांच्या नोंदींपुढे लॉगमध्ये "अनसपोर्टेड प्रोटोकॉल" असं येत होतं. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या कमकुवत ठरल्या, आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी त्या अधिकृतपणे बाद केल्या. नव्या अपडेटने आमच्या सर्व्हरवरूनही त्या काढल्या. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनांत १.२ ही पुढची आवृत्ती आपोआप चालू नसते, म्हणून ते दारातच अडले.

दुसऱ्या गटाचे फोन त्याहून नवे होते, अँड्रॉइड ६ किंवा ७.० चे. त्यांच्यापुढे "सर्टिफिकेट अननोन" लिहून येत होतं. एजन्सीने नवं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेचं घेतलं होतं. संस्था चांगली आहे, प्रमाणपत्र फुकट देते. अडचण फोनच्या बाजूला होती. दाखल्यावर कोणाचा शिक्का चालतो, याची यादी जशी कार्यालयात टांगलेली असते, तशी कोणत्या संस्थेची सही मानायची याची यादी प्रत्येक फोनमध्ये असते. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत या संस्थेची मूळ सहीच नाही. पूर्वी एका जुन्या संस्थेची जोडसही घेऊन हे फोन सांभाळून घेतले जात होते. त्या जोडसहीची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. शहरात असे फोन आता क्वचितच दिसतात. आमच्याकडे मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईकडे जातो, आईचा आजीकडे. बचत गटातल्या बाया यातच अडकल्या होत्या.

तिसरं कारण आमच्या कापूस संकलन केंद्रावर सापडलं. तिथला संगणक चालू होता, इंटरनेटही होतं, चॅट मात्र उघडेना. कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२ म्हणतात तो, संपला होता. वीज गेली की घड्याळ मूळपदावर जायचं. आणि आमच्याकडे वीज किती वेळा जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या घड्याळाच्या हिशेबाने सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून संगणकाने ते नाकारलं. सेल मोबाइलच्या दुकानातसुद्धा मिळतो, किंमतही किरकोळ. लॉगिनच्या जादा खात्रीसाठी ऑथेंटिकेटर ॲपचे दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे वापरणाऱ्यांनाही घड्याळाची हीच अडचण येते. ते आकडे वेळेवरूनच तयार होतात, त्यामुळे फोनचं घड्याळ दोन-चार मिनिटं जरी मागेपुढे असलं, तरी बरोबर आकडा चुकीचा ठरतो. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू ठेवणं एवढाच त्यावर उपाय आहे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते चौथ्या कारणाने. याच केंद्रावर नव्याकोऱ्या फोनवालेसुद्धा अडत होते. वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला, की लगेच लॉगिन व्हायचं. एजन्सीने सगळा दोष वायफायवर ढकलला. प्रत्यक्षात केंद्रावरच्या दुसऱ्या एका संगणकावर एक फार जुना चॅट प्रोग्राम चालू राहिला होता. पासवर्ड पाठवण्याची त्याची पद्धत होती डायजेस्ट-एमडी५, जी २०११ सालीच कालबाह्य म्हणून जाहीर झाली. अपडेटने ती बंद केली. प्रोग्रामला ते कळेना, तो दर काही सेकंदांनी स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत राहिला. आमच्या सर्व्हरवर एकाच इंटरनेट पत्त्यावरून १० मिनिटांत ५ चुका झाल्या, की तो पत्ता १० मिनिटं अडवायचा असा पहारा आहे. केंद्रावरचे सगळे फोन एकाच वायफायमधून बाहेर पडतात, म्हणून सर्व्हरला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. एका संगणकाच्या हट्टापायी सगळं केंद्र दिवसभर बाहेर उभं राहिलं. तो प्रोग्राम बंद केला, पत्ता मोकळा केला, आणि नव्या फोनवाल्यांचं काम तिथल्या तिथे सुरू झालं. मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, तेव्हा पहारा लावणाऱ्यांनी गावाकडचा हा प्रकार लक्षात घ्यायला हवा.

हे सगळं चालू असताना एक भलतीच गोष्ट घडली. कोणीतरी गावात एक ॲपची फाइल फिरवायला सुरुवात केली, "हे टाका, बिना अपडेटचं आहे, लगेच चालू होते." लोक अडलेले होते, त्यामुळे ती भराभर पुढे गेली. अशा अनोळखी फाइलमध्ये काय भरलेलं आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. ती फोनमधले मेसेज वाचू शकते, बँकेचा ओटीपी बाहेर नेऊ शकते. ज्यांनी टाकली होती, त्यांच्या घरोघरी जाऊन आम्ही ती काढून घेतली आणि पासवर्ड बदलून दिले. कोणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायचा, हेही प्रत्येकाला सांगितलं. लॉगिन बंद पडलं की असे मदतनीस उगवतात, म्हणून संस्थेने पहिल्या तासातच सभासदांना निरोप द्यावा. काम चालू आहे, पासवर्ड कोणाला सांगू नका, बाहेरून आलेली फाइल टाकू नका. आम्ही तो निरोप ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दिला.

आता मूळ सल्ल्याकडे येते. सर्व्हर जुन्या आवृत्तीवर नेला असता, तर आमच्याही सगळ्यांचं लॉगिन दुसऱ्या मिनिटाला सुरू झालं असतं. असं का, हे शोधताना मला धक्का बसला. अपडेटच्या आधीची सेटिंग अशी होती, की संरक्षण जमलं तर लावा, नाही जमलं तर तसंच उघड्यावर चालू द्या. म्हणजे आज जे अडले, ते जुने फोन आणि तो मागच्या तारखेचा संगणक, हे सगळे इतके दिवस कमकुवत संरक्षणावर किंवा संरक्षणाशिवायच बोलत होते. त्यांचे पासवर्ड, त्यांचे निरोप वाटेत कोणाला तरी वाचता येण्याचा धोका होता. ज्या बायांचे नंबर लपावेत म्हणून आम्ही हा खटाटोप केला, त्यांचंच बोलणं सगळ्यात उघडं होतं. अपडेटने हे भोक बुजवलं, आणि ते पुन्हा पाडायचा सल्ला आपल्या त्या वाचकांनी दिला आहे. मी तो कधीच मानणार नाही.

न बुजवलेल्या भोकांचं काय होतं, याची उदाहरणं जुनी नाहीत. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला विंडोजमधली एक त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते टाकलं नाही, त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस येऊन पडला आणि ब्रिटनमधली रुग्णालयंसुद्धा खोळंबली. ओपनफायर हा तर आमच्यासारखाच एक्सएमपीपीवर चालणारा चॅट सर्व्हर. २०१५ पासूनच्या त्याच्या आवृत्त्यांत एक त्रुटी होती, ती २०२३ मध्ये उघड झाली. लॉगिन न करताच कोणीही त्याच्या व्यवस्थापनाच्या पानांत शिरू शकत होतं, आणि त्या वाटेने हल्लेखोरांनी स्वतःची ॲडमिन खाती उघडली. दुरुस्ती उपलब्ध होती, ज्यांनी अपडेट टाळलं ते सापडले. आमच्या सर्व्हरवर सभासदांची नावं, गावं, कोणाकडे किती कापूस आहे, हे सगळं आहे. व्यापाऱ्याच्या हाती ती यादी लागली, तर भाव पाडायला त्याला आणखी काय हवं?

आम्ही उपाय केला तो असा. संरक्षण सक्तीचंच ठेवलं. ज्या संस्थेची मूळ सही जुन्या फोनांच्या यादीतही आहे, तिचं प्रमाणपत्र घेतलं, त्यामुळे अँड्रॉइड ६ आणि ७.० वाले बहुतेक सगळे परत आले. अगदीच जुने फोन वापरणाऱ्यांसाठी आता प्रत्येक गावात एकाच्या फोनवर निरोप येतो आणि तो वाचून दाखवला जातो. ही तात्पुरती सोय आहे, आणि मला ती अपुरी वाटते. अजून काही म्हाताऱ्या सभासदांना स्वतःच्या फोनवर स्वतः वाचता येत नाही, याची खंत आहे. जुने फोन बदलायला बचत गटातून बिनव्याजी उचल द्यावी, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

राग अपडेटवर नाही, ते ज्या रीतीने अंगावर टाकलं जातं त्यावर आहे. खेड्यातल्या संस्थांचं काम घेणाऱ्या एजन्सींनी निदान आठवडाभर आधी मराठीत कळवावं. काय बदलणार, कोणते फोन अडतील, हे लिहून द्यावं. पेरणी, फवारणी आणि वेचणीच्या दिवसांत तातडीची त्रुटी नसेल तर असे बदल करू नयेत. तातडीची असेल तर जरूर करावेत, पण त्या सकाळी फोन उचलायला माणूस बसलेला हवा. आणि तपासणी स्वतःच्या नव्या फोनवर करू नये. आमच्याकडे या, आजीबाईंच्या हातातला फोन घ्या आणि त्यावर लॉगिन करून दाखवा.

ॲप बनवणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. प्रमाणपत्र पटलं नाही, घड्याळ चुकलं, पत्ता अडवला गेला, या तिन्हींवर "पासवर्ड तपासा" असंच कसं सांगता? "तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे" एवढं मराठीत लिहून आलं असतं, तर संकलन केंद्रावरच्या भाऊंनी ती स्वतः दुरुस्त केली असती.

आपले सरकार सेवा केंद्रं, सहकारी सोसायट्या, उत्पादक कंपन्या, सगळीकडे आज माझ्यासारखे ऑपरेटर बसलेले आहेत. आम्हाला अर्ज भरायला आणि टायपिंग करायला शिकवलं गेलं. लॉग कसा वाचायचा, प्रमाणपत्राची मुदत कुठे बघायची, हे कोणी शिकवलं नाही. जिल्हा प्रशासनाने तालुक्याच्या ठिकाणी यासाठी दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे. जागा नसेल तर आमच्या गोदामात घ्या, वेचणी संपल्यावर ते रिकामंच असतं. आणि त्या वाचकांना आपल्यामार्फत सांगते, की सर्व्हरचा लॉग घेऊन कधीही या, सोबत बसून बघू. तोवर निदान अपडेट तरी पुन्हा सुरू करा.

आपली विश्वासू,
एका शेतकरी उत्पादक कंपनीतील संगणक सहायक
जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)